साहेबांचं शून्य फूट उड्डाण

“बाबा, तुम्ही शेवटचं विमान कधी उडवलंत?”

शाळेच्या सभागृहात भिंगरीने हा प्रश्न टाकला आणि मागे बसलेल्या मैत्रिणींनी एकमेकींना चिमटे काढले. “विचारून दाखव, मग मानू!” असं त्यांनीच तिला डिवचलं होतं. व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, म्हणजे हवाई दलाचे एअर मार्शल आणि भिंगरीचे सख्खे वडील, घोटभर पाणी प्यायले. भिंगरीला वैमानिक व्हायचं होतं, त्यामुळे उत्तराची गरज खरं तर तिलाच होती.

“जो उत्तम उडवतो,” साहेब गंभीरपणे म्हणाले, “त्याला बढती मिळते. बढती मिळाली की उड्डाणं कमी करून बैठका वाढवतात. मी फारच उत्तम उडवायचो.”

“मग आता विमानं कोण उडवतं?”

“ज्यांची बढती व्हायची आहे ते.”

सभागृह खो खो हसलं. साहेबांना ते चांगलंच झोंबलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीत जाहीर केलं, “मी उडणार!”

कचेरीची पळापळ झाली. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याने एकट्याने कुठेही जाणं नियमात बसत नव्हतं. सोबत सहायक, डॉक्टर आणि पाण्याचा ग्लास धरणारा शिपाई हवाच. लढाऊ विमानात जागा एक. तातडीने समिती नेमली गेली. समितीचं मत पडलं की, साहेबांनी विमानाकडे जाणं त्यांच्या पदाला शोभत नाही. विमानानेच साहेबांकडे यावं. मग कुंपणाची भिंत पाडून, ट्रॅक्टरने ओढत विमान कचेरीच्या अंगणात आणलं. बँड वाजला. भिंगरी आणि आई पहिल्या रांगेत होत्या.

साहेब कॉकपिटमध्ये बसले. सहायक शिडीवर, डॉक्टर पंखावर, शिपाई ग्लाससकट खाली.

“इंजिन सुरू करू?” साहेबांनी विचारलं.

“नको सर,” सहायक म्हणाला. “आवाजाने वरच्या मजल्यावरची बैठक मोडेल.”

“कसली बैठक?”

“अधिकाऱ्यांनी जास्त उडावं, याबद्दलची.”

“मग राहू दे.”

पण भिंगरीला दिसलं, बाबांचा हात आपसूक विमान वळवायच्या दांड्यावर गेला होता आणि काही केल्या सुटत नव्हता. शेवटी सहायकाने तो हळूच सोडवला.

उंची शून्य फूट, उड्डाण निर्विघ्न, अशी नोंद झाली. इतकं सुरक्षित उड्डाण दलात आजवर कुणाला जमलं नव्हतं, म्हणून साहेबांना आणखी एक बढती मिळाली.

घरी आई फोनवरून नातेवाइकांना ही बातमी देत सुटली होती. बाबा खिडकीतून आभाळाकडे बघत उभे. भिंगरीने आईच्या हातातून फोन काढून घेतला.

“दोघंही ऐका. माझं ठरलंय. मी वैमानिक होणार आणि डोळे साथ देतील तोवर विमानच उडवणार. बढती आली की दरवेळी नाही म्हणणार. माझं काम सोपं आहे, अवघड तुमचं. लोक विचारतील, ‘मुलगी कुठवर पोचली?’ तेव्हा तोंड न पाडता सांगायचं, ‘होती तिथेच आहे.’ म्हणून बघा जरा. जमतंय का?”