टिंबूची नस आणि महाराणींची खीर

एका जंगलात एक प्रयोगशाळा होती. हसता काय? जंगलात राजा चालतो, दरबार चालतो, मग प्रयोगशाळेनेच तुमचं काय घोडं मारलंय? गप्प बसा आणि ऐका.

तर त्या जंगलात वाघीण महाराणी राज्य करायच्या. मोठ्या दयाळू. दर पौर्णिमेला सगळ्या प्रजेला खीर वाढायच्या. ती करायचे त्यांचे मानलेले बंधू, भाऊसाहेब तरस. भाऊसाहेबांना ऐनवेळच्या धावपळीचा भारी कंटाळा. म्हणून ते अमावास्येलाच खीर करून झाकून ठेवायचे.

पौर्णिमेला पानं वाढली की हरणं नाक मुरडायची. ससे मागे सरायचे. अहो, डुकरंसुद्धा मागे सरायची, आता बोला!

महाराणींच्या मनाला फार लागलं. "आम्ही एवढ्या मायेने वाढतो आणि प्रजा मागे सरते? प्रजेत काहीतरी बिघाड आहे."

"अगदी बरोबर, ताईसाहेब," भाऊसाहेब म्हणाले. "खिरीत तर बिघाड असणं शक्यच नाही."

झालं! बिघाड शोधायचं काम पंडित लांगूलकरांकडे आलं. पंडितजी म्हणजे वानर. वडाच्या ढोलीत त्यांची प्रयोगशाळा होती. त्यांनी विचार केला, सशाच्या डोक्यात लाखो नसा, कोण मोजत बसणार? त्यापेक्षा एखादा बारकासा किडा बरा.

पेरूच्या झाडाखाली, एका सडक्या पेरूत, त्यांना तो सापडला. नाव टिंबू. इतका बारीक की तुमच्या नखावर त्याचं अख्खं गाव झोपेल. अंगात नसा मोजून तीनशे दोन.

"मागे सरायची नस सापडली की तुला घरी सोडू हं," पंडितजी म्हणाले.

"नक्की ना? आई वाट बघत असेल," टिंबू म्हणाला. त्याला आईशिवाय करमत नव्हतं. तुम्हाला तरी करमतं का?

करवंटीत एका बाजूला टिंबू, दुसऱ्या बाजूला खिरीचा थेंब. टिंबूला ढकलायचं कशाने? काडीने ढकलला तर चिरडेल. म्हणून पंडितजी स्वतःच्या भुवईचा केस उपटून काडीला चिकटवत आणि त्याने हळूच टोचत. त्या विद्येत हीच रीत. ज्याच्या भुवया कमी, तो विद्वान मोठा.

टिंबू थेंबापाशी गेला आणि गर्रकन मागे फिरला.

"पंडितजी, खीर नासलीय हो! सडक्या पेरूत जन्म गेला माझा, पण ही खीर... शी!"

"गप्प! नमुन्याने मत द्यायचं नसतं," पंडितजी म्हणाले. "त्याने प्रयोग बिघडतो."

मग त्यांनी बाभळीचा काटा विस्तवावर तापवला आणि टिंबूची एक नस जाळली. टिंबू डावीकडे वळेनासा झाला. खिरीपासून मात्र मागेच फिरला. दुसरी जाळली. टिंबूची शेपटी वळवळेनाशी झाली. तरी खीर नकोच. असं कित्येक दिवस चाललं. टिंबू रोज ओरडून सांगायचा, "अहो, खीर नासलीय!" आणि पंडितजी म्हणायचे, "आज नमुना तोंडाची फार हालचाल करतोय."

एके दिवशी काटा नाकाजवळच्या एका नसेवर आला. टिंबू रडकुंडीला आला.

"ती नको, पाया पडतो! तिनेच तर मला चांगलं-वाईट कळतं. ती गेली तर मी काहीही खाईन!"

पंडितजींचा हात थबकला. नमुन्याचं बोलणं त्यांनी पहिल्यांदाच नीट ऐकलं.

"हीच काय ती?" म्हणाले, आणि जाळली.

टिंबू सरळ खिरीत शिरला. मिटक्या मारत खाल्ली. बघायला जमलेल्या दरबाराने टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेबांनी तर डोळे पुसले.

सकाळी टिंबू करवंटीत ताठ पडला होता. पंडितजींनी केसाने टोचलं. पुढून टोचलं, मागून टोचलं. मग ते कोपऱ्यात जाऊन रडले. खरंच रडले हो, खोटं कशाला सांगू? डोळे पुसून दरबारात गेले आणि म्हणाले, "नमुना आता अजिबात मागे सरत नाही."

महाराणी प्रसन्न झाल्या. पंडितजींना शाल दिली, राजपंडित केलं आणि खिरीची पहिली वाटी त्यांच्याच हातात ठेवली. वाटी नाकाशी आली तशी पंडितजींची मान गर्रकन मागे फिरली. त्यांनी शालीकडे पाहिलं. वाटी रिकामी केली आणि म्हणाले, "वा! वेलची काय पडलीय!"

"अगबाई!" महाराणी म्हणाल्या. "यांची नस न जाळताच यांना गोड लागली?"

"शालीने लागते, ताईसाहेब," भाऊसाहेब म्हणाले.

तेव्हापासून त्या जंगलात ज्याला खिरीचा वास येतो त्याला शाल देतात. हरणांना दिल्या, सशांना दिल्या. डुकरांनी जरा आढेवेढे घेतले, त्यांना जरीकाठी दिल्या. सगळे पोट धरून बसतात, पण मागे कुणी सरत नाही.

पुढे एक दिवस टिंबूची आई सरपटत ढोलीत आली.

"माझं लेकरू घरी कधी येणार?"

"बाई, त्याने शास्त्राची मोठी सेवा केली," पंडितजी म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवेना. म्हणून त्यांनी तिच्यापुढे खिरीचा थेंब ठेवला.

आई गर्रकन मागे फिरली.

"अरेच्चा!" पंडितजी एकदम ताठ बसले. "म्हणजे हा बिघाड आनुवंशिक आहे तर!"

आता एवढ्याशा मापाची शाल कुठून आणणार? त्यांनी काटा विस्तवावर ठेवला.

तात्पर्य: मुलांनो, खीर नासली असेल तर आचारी बदलायला सांगू नये, आपलं नाक तपासून घ्यावं. आणि खरं बोलल्याशिवाय राहवतच नसेल तर खुशाल बोलावं, फक्त विद्वानांना ऐकू जाईल असं बोलू नये.