पंख्याचं तोंड वरती

"दुकानात जोडून आणायचा? आणि मी घरात काय अंडी उबवायला बसलोय?" एकनाथरावांनी सगळ्या अंबरपेठेला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं.

आता त्यांच्यासमोर बोलणार कोण! उभी हयात रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेलेली. घरचा कूलर त्यांनी स्वतः दुरुस्त केला होता. तो कूलर त्यानंतर पाणी घरभर उडवतो ही गोष्ट वेगळी. तर लेकीचा, त्रिवेणीचा, नवा कॉम्प्युटर आपणच जोडायचा, असं त्यांनी ठरवलं आणि सुटे भाग हॉलमध्ये चादरीवर मांडून ते मध्ये मांडी घालून बसले.

त्रिवेणी लग्नाच्या फिल्म बनवते. आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली बनवत होती. हे तिचं स्वतःचं पहिलं काम! तारनाक्याच्या एका घरातला साखरपुडा, आणि आज संध्याकाळी हळदीला ती फिल्म सगळ्या पाहुण्यांना दाखवायची होती. आवडली तर लग्नाचं कामही तिलाच मिळणार होतं. आणि नेमका तिच्या जुन्या लॅपटॉपनं काल राम म्हटला!

"बाबा, मी कॅमेरावाल्या मिलिंदकडून शूटिंगची हार्ड डिस्क घेऊन येते," ती चपला घालत म्हणाली. "सगळं जोडा, पण पॉवर सप्लाय बसवताना त्याच्या पंख्याचं तोंड खाली ठेवा. कॉम्प्युटरच्या डब्याला खाली जाळी आहे बघा. तिथून थंड हवा घेतो तो."

"खाली?" एकनाथराव हादरले. "जमिनीत तोंड खुपसून कुणी श्वास घेतं का? गरम हवा वर जाते, हे शाळेत शिकवलं नाही तुला?"

"बाबा, प्लीज! नखरे नक्को. खाली म्हणजे खाली. आज फिल्म गेली नाही तर पुन्हा मला कोणी काम देणार नाही."

"हौ हौ, जा तू."

ती गेली आणि एकनाथरावांनी पॉवर सप्लाय, म्हणजे वीज पुरवणारा पंखेवाला ठोकळा, डब्याच्या तळाशी बसवला, पंख्याचं तोंड वरती करून! वर चार स्क्रू आवळले. गरम हवेला मोकळी वाट हवी म्हणून डब्याच्या छतावरची धुळीची बारीक जाळीही उपटून काढली. आता वरच्या मोठ्या भोकांतून डोकावलं की थेट तळाचा पंखा दिसायचा. वा! विहिरीत डोकावल्यासारखंच!

बटण दाबलं. कॉम्प्युटर चालू झाला. हूं नाही की चूं नाही!

"सावित्री! ताट आण पूजेचं!"

त्यांच्या घरात नव्या यंत्राला पूजेशिवाय कामाला लावत नसत. स्कूटरची पूजा झालेली, मिक्सरची झालेली, त्या कूलरची तर दोनदा झालेली. कॉम्प्युटर बंद केला. सावित्रीबाईंनी डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, फूल वाहिलं. एकनाथरावांनी डोळे मिटले, येत होता तो श्लोक म्हटला आणि नवरदेवाच्या डोक्यावर टाकाव्यात तशा दोन्ही ओंजळी भरून अक्षता डब्याच्या डोक्यावर सोडल्या.

डोळे उघडले तेव्हा डब्यावर चार दाणेही नव्हते. बाकीच्या कुठे गेल्या, हा प्रश्न त्यांना पडला नाही. देवानं घेतल्या म्हणायचं!

पुन्हा बटण दाबलं.

कर्रर्र खडखडखड खट्ट!

गिरणीत खडा गेल्यासारखा आवाज. आणि कॉम्प्युटर गप्प. पुन्हा दाबलं. खडखड, खट्ट, गप्प!

"बाई गं!" सावित्रीबाईंनी पदर तोंडाला लावला. "नजर लागली!"

"कुणाची? आत्ता तर खोक्यातून काढलाय!"

तेवढ्यात फोन वाजला. त्रिवेणी.

"झाला चालू?"

"एकदम! लोण्यासारखा चालतोय," म्हणत एकनाथराव घाईघाईत मागे सरकले आणि त्यांचं कोपर बटणावर दाबलं गेलं. खडखडखड!

"बाबा, हा आवाज कसला?"

"आई चटणी वाटतेय!"

सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचे दोन दिवस चटणी मिळणार नाही हे त्यांना कळून चुकलं. "पोहोचतेच मी," म्हणून त्रिवेणीनं फोन ठेवला. एकनाथराव डब्याभोवती फेऱ्या मारू लागले. पोरीचं पहिलं काम, आणि आपण ते बुडवलं!

आवाज ऐकून शेजारचे नामदेवराव आले. त्यांच्या घरी एक पुराणा कॉम्प्युटर होता आणि तो अजून चालायचा, म्हणून ते स्वतःला जाणकार समजत.

"अहो, सप्लाय तळाशी कुणी बसवतं का?" ते म्हणाले. "तो वर असतो! आमच्याकडे वरच आहे. वडीलधाऱ्याला पायाशी बसवलंत, रुसणारच ना तो!"

एकनाथरावांना पटलं. बुडत्या माणसाला काहीही पटतं. वायर काढली, सप्लाय सोडवला, पण वर बसवायला जागाच नव्हती. ना भोकं, ना कोनाडा.

"सुतळी आहे का?" नामदेवराव म्हणाले. "लटकवू."

सावित्रीबाईंनी सुतळी दिली. आता गाठ मारायची तर सप्लायचा तळ दिसायला हवा. नामदेवरावांनी तो दोन्ही हातांत धरून डोक्याच्या वर उचलला आणि उलटा केला.

सर्रर्र! त्यांच्या टकलावर लालसर तांदळाचा वर्षाव झाला. कानात दोन गेले, चष्म्यावर एक थांबला.

एकनाथरावांना लख्ख कळलं. सावित्रीबाईंना तर त्यांच्याही आधी कळलं, कारण त्या पदराआड हसू दाबत होत्या.

"एकनाथराव," नामदेवराव हळूच म्हणाले, "यातून तांदूळ निघालेत."

आता काय सांगणार? मी स्वतः माझ्या हातानं ओतले म्हणून? सिग्नल खात्याची अब्रू जाईल!

"असतातच," एकनाथराव घसा खाकरून म्हणाले. "कंपनीच घालते. ओल शोषायला. मिठाच्या बरणीत नाही का आपण घालत?"

"पण लाल?"

"ते... भारीतले आहेत."

नामदेवराव विचारात पडले. "कमाल आहे! आमच्यात कधी दिसले नाहीत ते." आणि डोकं झाडत ते आपल्या घरी गेले.

एकनाथरावांनी दार लावलं. सप्लाय हलवून हलवून शेवटचा दाणा काढला. डब्यातल्या कार्डांवर अडकलेल्या अक्षता रंगकामाच्या ब्रशनं झाडल्या. मग काही न बोलता सप्लाय पुन्हा तळाशी बसवला, पंख्याचं तोंड खाली. वरची जाळीही गुपचूप जागेवर आली. बटण दाबलं. हूं नाही की चूं नाही! कॉम्प्युटर चालू झाला होता, आनंदानं त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

त्रिवेणी धापा टाकत आली. खाली वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

"बाबा! तुम्ही माझं ऐकलंत!"

"तुझंच बरोबर होतं गं," एकनाथराव म्हणाले. खरं तर त्यांचंही फारसं चुकलं नव्हतं, आधी तसाही चाललाच होता. पण ते सिद्ध करायचं तर तांदळाचं बोलावं लागलं असतं.

त्रिवेणीला भरून आलं. दहावीनंतर कोणती शाखा घ्यायची इथपासून स्कूटी कोणत्या रंगाची इथपर्यंत, बाबांनी तिचं बरोबर आहे असं कधीच म्हटलं नव्हतं. ती कामाला बसली. संध्याकाळच्या आत फिल्म तारनाक्याला पोहोचली आणि तिकडून फोनही आला. नवरीची आई रडली म्हणे, लग्नाचं कामही तुम्हीच करा! सावित्रीबाईंनी शिरा केला. एकनाथराव वाटी घेऊन अगदी ऐटीत बसले. "जोडणी चांगली असली ना, की सगळं चांगलं होतं," असंही एकदा म्हणून घेतलं.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर नामदेवराव. घामाघूम, आणि दोन्ही हातांत त्यांचा पुराणा कॉम्प्युटर, लहान मूल दवाखान्यात आणावं तसा धरलेला.

"एकनाथराव, घोळ झाला! तुम्ही सांगितलं तसं मागच्या भोकांतून चांगले मूठभर तांदूळ घातले. घरातला सगळ्यात भारीतला बासमती! तर आता बटण दाबलं की नुसतं खडखडखड वाजतंय!"

त्रिवेणीचा चमचा हवेत थांबला. तिनं नामदेवरावांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आई शिरा सोडून भिंतीकडे तोंड करून गदगदा हलत होती. मग तिनं वडिलांकडे पाहिलं.

"बाबा?"

एकनाथरावांनी वाटी खाली ठेवली, स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि कुणाच्याही डोळ्याला डोळा न भिडवता म्हणाले,

"बासमती घातलात? अहो, सोना मसुरी घालायची असते!"