'जलसम्राट'च्या वाटेतला पूल

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही, ही गोष्ट जलवाहतूक खात्याच्या जरा उशिराच लक्षात आली. तोवर मालवाहू जहाजाची खरेदी होऊन गेली होती. घेतलेली वस्तू वापरली नाही तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो, आणि आक्षेपापेक्षा जहाज परवडलं, असा सर्वसंमत विचार होऊन 'जलसम्राट' अल्लीपूरकडच्या नदीत उतरवायचं ठरलं. नदीत पाणी गुडघाभर. पण त्यात काय एवढं, उद्घाटनासाठी धरणाची दारं उघडता येतात.

कप्तानाची जाहिरात निघाली. अट अवजड वाहनाच्या परवान्याची होती, कारण जहाजाचा रकाना छापील नमुन्यात नव्हताच. अशा रीतीनं जन्मभर ट्रॅक्टर हाकलेले हिवरीचे रूपराव कप्तान झाले. त्यांना पांढरा गणवेश मिळाला, टोपीही मिळाली.

"अवं, तुमाले पोहता तरी येते का?" शकुबाईनं विचारलं.

"मले कायले पोहा लागते? पोहायचं काम जहाजाचं हाय!" टोपी सारखी करत नवरा म्हणाला.

हिवरीतून बाहेर पडायला याच नदीवरचा एकच पूल. त्याच पुलावरून त्यांची वर्षाली रोज एस.टी.नं नालवाडीला नर्सिंग शिकायला जायची. घराण्यात दहावीपुढं गेलेली ही पहिलीच पोरगी, त्यात शेवटचं वर्ष. रूपरावांचा जीवच रोज सकाळी त्या पुलावरून जायचा आणि संध्याकाळी परत यायचा म्हणा ना!

उद्घाटनाला अध्यक्ष महोदय आले. नवीन गाडीला हार घातल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, हा रूपरावांचा नेम. ट्रॅक्टरच्या नाकावर हार घालतात, हे त्यांना ठाऊक. पण जहाजाच्या नाकाशी अध्यक्ष उभे होते आणि ते फोटो संपेपर्यंत हलणार नव्हते. म्हणून रूपरावांनी नायलॉनच्या दोरीत ओवलेला झेंडूचा लांबलचक हार मागल्या बाजूला बांधला. अध्यक्षांनी मागं जाऊन त्याला हात लावला, टाळ्या झाल्या, आणि हार अध्यक्षांचा झाला.

कापसाच्या गाठी लादून जहाज निघालं. हार पाण्यात लोंबकळत होता. तो जहाजाच्या पाण्याखालच्या पंख्यात गेला, पंख्याला गुंडाळला, इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. दिवे गेले, भोंगा गेला. सुकाणू फिरवावं तर जहाज म्हणतं, तू कोण रे बाबा? मागून धरणाचं पाणी ढकलत होतं आणि समोर पूल होता.

"साहेब, दोर टाका, दोर!" रूपराव ओरडले.

"दोर मांडवाला बांधलेत," काठावरून प्रकल्प अधिकारी धनंजय साहेब म्हणाले. "अध्यक्ष गेल्याशिवाय मांडव सोडता येत नाही."

पुलावर सारी हिवरी जमली होती आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता. "सरका ना बे! पळा!" रूपराव दोन्ही हात हलवून जिवाच्या आकांतानं ओरडत होते. लोकांनीही हौसेनं हात हलवले. कप्तान आपल्याच गावचा, हात हलवला नाही तर राग यायचा! शेवटी शकुबाईनं पायातली चप्पल हातात घेतली, तेव्हा कुठं पूल रिकामा झाला. मग म्हशीनं गोठ्याच्या खांबाला अंग घासावं तसं जहाज पुलाच्या खांबाला घासलं आणि अख्खा पूल मटकन खाली बसला. कुणाला खरचटलंही नाही. व्हिडिओ मात्र फार स्वच्छ आले.

चौकशी समिती बसली. हार अध्यक्षांचा, म्हणून तो निर्दोष. जहाज नवीन, त्यावर हमी. पाणी दुसऱ्या खात्याचं. कप्तानाला दोषी धरावं तर त्याला नेमणारे दोषी ठरतात. राहता राहिला पूल. त्याला ना पुढारी, ना संघटना. चोर सोडून संन्याशाला सुळी! पूल जहाजाच्या मार्गात विनापरवानगी उभा होता, असा निष्कर्ष निघाला.

नोकरी वाचली म्हणून रूपरावांनी पेढे वाटले. पण पेढ्याची चव तोंडात होती तोवरच वर्षाली म्हणाली, "बाबा, मी कॉलेजात जाऊ कशी?"

नदी ओलांडावी तर 'जलसम्राट' गाळात रुतू नये म्हणून धरणाचं पाणी सुरूच ठेवलेलं. एस.टी. बंद झालेली. आडवळणाच्या रस्त्यानं पोचेपर्यंत कॉलेज सुटायचं. हजेरी घसरली. परीक्षेला बसता येणार नाही, असं कॉलेजनं कळवलं, तेव्हा पोरीनं पुस्तकं गाठोड्यात बांधली. ती रडली नाही. रूपराव मात्र गोठ्यात जाऊन हमसून हमसून रडले.

दुसऱ्या दिवशी टोपी हातात धरून ते साहेबांपुढं उभे राहिले. "साहेब, पूल कवा बांधता?"

"कशाला? जलमार्गातला अडथळा दूर झालाय."

"पण जहाज तर बंद हाय ना जी!"

"ते तात्पुरतं. पूल पडलाय तो कायमचा."

"माह्या पोरीचं वर्ष चाल्लं, साहेब. पाया पडतो तुमच्या."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी रूपरावांना खुर्ची दिली, चहा मागवला. "हे बघा, नव्या पुलाला जनतेची मागणी लागते."

"सारी हिवरी मागून राह्यली ना!"

"हिवरी म्हणजे किती लोक? जनता ही बघा." साहेबांनी मोबाइल पुढं केला. त्यात पूल बसत होता, शकुबाई चप्पल घेऊन धावत होती, रूपराव हात हलवत होते. कुणीतरी त्याला गाणंही जोडलं होतं. खाली लाखो लोकांनी हसरे चेहरे टाकले होते, अंगठे उंचावले होते. "एकानं तरी पूल मागितलाय का? आम्ही अहवालात तसंच लिहिलं. जनता समाधानी. प्रस्ताव बंद."

रूपरावांचा चहा निवला. ते बोटानं ते अंगठे वर सरकवत राहिले. कुणी पुण्याचा, कुणी नागपूरचा, कुणी पार दुबईचा. यातला एकजण जरी हसायचा थांबला असता, तर माही पोरगी नर्स झाली असती, असं त्यांच्या मनात आलं.

त्यात एक अंगठा तुमचाही आहे. तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही पुढचा व्हिडिओ बघत होतात.