कच्चं गिऱ्हाईक

बाणेरच्या त्या बारमध्ये बिअर आधी गिऱ्हाईकाची चव घेते आणि पसंत पडलं तरच त्याच्या ग्लासात उतरते. ती तिथेच मागच्या टाक्यांत तयार होते, त्यामुळे शब्द तिचाच चालतो. गिऱ्हाईकाने छोट्या ग्लासात बोट बुडवायचं. फेस वर आला तर पसंती, बसला तर नकार.

सर्जेराव थोपट्यांना ही पद्धत मान्य होती. सगळा जन्म त्यांनी तालीम चालवली होती. पारखल्याशिवाय पोराला लाल मातीत उतरू दिलं नव्हतं. आज ते मुलीच्या सासऱ्यांना, भगवानराव काळोख्यांना, पाहुणचाराला घेऊन आले होते.

भगवानरावांनी बोट बुडवलं. फेस टरारून वर आला. सर्जेरावांनी बुडवलं. फेस बसला.

"सॉरी काका," काउंटरवरची शर्वाणी म्हणाली. "तुम्ही कच्चे आहात."

"सत्तरी उलटली माझी."

"वयाचं नाही काका. मुरला नाहीत. टाक्यांच्या खोलीत बसावं लागेल."

भगवानरावांनी मिशी पुसली. "वस्ताद, सूनबाईला काय सांगू? तुझे वडील अजून कोवळे आहेत म्हणून?"

सर्जेरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मुलीच्या सासरी ही गोष्ट जन्मभर चघळली जाणार होती.

"बाकीची गिऱ्हाइकं काय करतात?" त्यांनी विचारलं.

"भांडतात. नाहीतर लिंबू सरबत पितात."

"खोली दाखव."

खोली थंडगार होती. दोन टाक्यांच्या मधे खुर्ची होती. शर्वाणीने त्यांच्या मनगटाला नावाची पट्टी बांधली आणि बजावलं, हलायचं नाही, बोलायचं नाही, गिऱ्हाईक ढवळलं की नासतं. शेजारी एक वकील दुसऱ्यांदा मुरत होते. पहिल्या वेळी ते बोलले होते.

सर्जेराव पाठ ताठ ठेवून बसले. भगवानराव रोज संध्याकाळी ग्लास घेऊन खोलीच्या काचेपलीकडे यायचे. "काय वस्ताद, उकळी फुटली का?" सर्जेराव पापणीही हलवत नसत.

एका संध्याकाळी त्यांच्या टाळूतून बारीकसा बुडबुडा निघाला. शर्वाणीने वाकून वास घेतला आणि त्यांना हाताला धरून बाहेर आणलं.

त्यांनी बोट बुडवलं. फेस काठावरून सांडला, टेबलावर पसरला, भगवानरावांच्या मांडीवर ओघळला.

"मानलं," भगवानराव म्हणाले. त्यांनी हात जोडले.

मोठा ग्लास भरून आला. सर्जेरावांनी तो उचलला नाही. त्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले. सगळा बार थांबला.

"कच्ची आहे," ते म्हणाले.

शर्वाणीने घोट घेतला. मग तिने त्यांच्या मनगटाची पट्टी सोडून ग्लासाला बांधली आणि ग्लास आतल्या खुर्चीवर नेऊन ठेवला.

"कधीपर्यंत, काका?"

"मी सांगेन."

भगवानरावांनी हातातल्या अर्ध्या ग्लासाकडे पाहिलं आणि तो हळूच खाली ठेवला.