तात्यांनी दोन्ही बाजू सांगितल्या

मच्छिंद्रतात्यांनी लग्नानंतर स्वतःच्या मनाने एकच गोष्ट ठरवली, आणि तिनेच त्यांच्या मुलाचं लग्न मोडायची वेळ आणली.

१९९९ सालचा उन्हाळा. कोल्हारच्या शाळेतले आमोस सर गव्हाचा डबा घेऊन तात्यांच्या पिठाच्या गिरणीत आले. नंबर येईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून सर बोलून गेले, "तात्या, नगरच्या यशोधरा मॅडम कम्प्युटरवर जिल्ह्याचा माहितीकोश करताहेत. ज्या त्या गावाची माहिती त्याच गावच्या माणसानं हौसेनं लिहायची. कोल्हारसाठी माणूस मिळेना."

"कोश म्हंजे?"

"गावाची सगळी माहिती एका ठिकाणी."

"मंग ती इथंच हाय की!" तात्या छातीवरचं पीठ झटकत म्हणाले. (हे खोटं नव्हतं. कोणाचं दळण अचानक दुप्पट झालं यावरून कोणाकडे पाहुणे आलेत, आणि किती दिवस हलणार नाहीत, हे तात्यांना पाहुण्यांच्या आधी कळायचं.)

"पन ते छापलेलं दिसनार कुठं?" तात्यांनी विचारलं.

"छापायचं नाही, इंटरनेटवर टाकायचं. सध्या कोल्हारात दिसत नाही. अमेरिकेत दिसतं."

अमेरिकेत दिसणार म्हटल्यावर नववी पास तात्यांनी त्याच दुपारी फुलस्केप कागद आणले आणि एका बैठकीत सहा पानं लिहून नगरला धाडली. आठ दिवसांत ती परत आली. मॅडमनी लाल पेनाने पानांची अशी गत केली होती की टपालवाल्यानेही तात्यांकडे जरा सहानुभूतीने पाहिलं. 'प्रवरेचे पाणी अमृताहून गोड आहे' याच्यापुढे लिहिलं होतं, 'अमृत कोणी चाखले? नाव द्या.' 'कोल्हार हे जगातील सर्वात सुंदर गाव' याखाली, 'जगातील इतर किती गावे आपण पाहिली?' (तात्यांनी प्रामाणिकपणे मोजली. राहाता आणि लोणी धरून नऊ भरली.) आणि शेवटी, 'स्वतःच्या गिरणीचा उल्लेख अकरा वेळा आला आहे. सर्व काढा. लेखकाने स्वतःला मध्ये आणू नये. ऐकीव लिहू नये. मत कोणाचे ते सांगावे. वादाचे असेल तिथे दोन्ही बाजू द्याव्यात.'

दुसरा माणूस असता तर त्याने कागद चुलीत घातले असते. तात्यांना मात्र नादच लागला. महिन्याभरात सहा पानांची सव्वा पान माहिती झाली, आणि त्या सव्वा पानात एकही विशेषण उरलं नाही. पण अडचण अशी झाली की विशेषणं कागदावरून गेली ती तोंडातूनही गेली.

"कालवण कसं झालंय?" त्यांच्या बायकोने, भागिरथीकाकूंनी, एका दुपारी विचारलं.

"मिठाबाबत मतभेद हायत."

"कुनाचे? जेवायला तर तुमी एकटेच बसलाय!"

"म्हनूनच थांबलोय. दुसरी बाजू अजून जेवायचीय."

त्या दुपारी कालवणाची कढई जराशी जोरात आपटली गेली. (शेजारी ऐकू आलं. भिंत एकच आहे.)

काकूंचा जीव मात्र कालवणात नव्हताच. त्यांचा मुलगा तुषार शुगर फॅक्टरीत कामाला होता आणि दोन स्थळं येऊन, चहा-पोहे खाऊन गेली होती. तिसरं जामखेडचं. मुलगी शुभांगी, बारावी झालेली. तिचा फोटो तुषारने एस.टी.च्या पासामागे सरकवून ठेवला होता आणि पास संपला तरी टाकत नव्हता. हे स्थळ गेलं तर पोरगं आशा सोडील, एवढं काकूंना कळत होतं.

आता आपल्याकडची रीत अशी, की मुलीकडचं कोणीतरी आधी गुपचूप गावात उतरतं. घरी जात नाही. चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, शेजारीपाजारी हळूच विचारतं, घर कसंय, पोरगं कसंय. काकूंनी याची पक्की तयारी केली. चहावाला पुंजाराम, सलूनवाला, शेजारीण, सगळ्यांकडे जाऊन काय सांगायचं ते सांगून आल्या. 'पोरगं सोन्यासारखं, घर देवासारखं.' फक्त तात्यांना सांगितलं नाही. त्यांच्याच घराची चौकशी त्यांच्याकडे कोण करणार?

तेवढ्यात मॅडमचं कार्ड आलं: 'माहिती उत्तम. पडताळणीसाठी आमचा एक माणूस येईल. विचारील त्याचे खरे उत्तर द्यावे.'

मंगळवारी पिवळा फेटा बांधलेला, काखेत छत्री धरलेला एक माणूस गिरणीच्या दारात उभा राहिला. तात्या डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होते. डोक्याला टॉवेल, भुवयांवर बाजरी, मिशांवर गहू.

"राम राम. जरा म्हायती पायजे हुती."

"आलात का? बसा," तात्यांनी गिरणी बंद केली. "खरं तेच सांगनार. विचारा."

"हे मच्छिंद्र गिरनीवाल्याचं घर कसं काय हाय?"

तात्या जरा चपापले. मॅडमनी परीक्षाच घ्यायची ठरवली होती तर! लेखकाने स्वतःला मध्ये आणू नये. तात्यांनी स्वतःला लगेच बाजूला केलं.

"मच्छिंद्र नावाचा इसम कोल्हारात ऱ्हातो. त्याला एक मुलगा. तुषार."

"काय करतो?"

"आई म्हनती, क्लार्क हाय. हजेरीपटावर हंगामी मदतनीस म्हनून नाव हाय. हजेरीपट जास्त भरवशाचा."

पाहुण्याने खिशातून वही काढली. "यसन?"

"न्हाई, असं तो म्हनतो. मागं खिशात तंबाखूची पुडी घावली हुती. ती दोस्ताची, असंबी तोच म्हनतो. दोन्ही बाजू लिवून घ्या."

"आई कशी हाय?"

"कडक. याच्या विरुद्ध मत गावात कुठंच सापडलं न्हाई."

"अन् बाप?"

इथेच माणूस घसरतो, हे तात्यांना अकरा उल्लेखांपासून माहीत होतं.

"गिरनी कागदावर त्याच्या नावावर हाय. बाकी घरात त्याचं कुनी ऐकतं, याचा पुरावा मिळाला न्हाई."

"भांडनं?"

"भांडाया दोघं बोलावी लागत्यात. तिथं एकच बोलतं."

पाहुणा वही मिटून उठला. छत्री काखेत मारत त्याने विचारलं, "नगरवरून जामखेडची गाडी कवा हाय?"

"जामखेडची?" तात्यांच्या मिशांवरचं पीठ गळालं. "तुमी तर नगरचे ना?"

पण पाहुणा रस्त्याला लागला होता, आणि समोरून काकू पदर सावरत धावत येत होत्या.

"अहो, पिवळा फेटावाला इकडं आलता का? पुंजाराम म्हनला गिरनीकडं वळला!"

"कोशाचा मानूस हुता. लई बारीक चौकशी केली."

"कोशाचा? अहो, तो शुभांगीचा मामा, सूर्यभान! काय सांगितलंत त्याला?"

तात्यांनी सांगितलं. काही गाळलं नाही, आणि हीच दुसरी चूक झाली.

पुढचे बारा दिवस जामखेडहून काही निरोप आला नाही. तुषारने पास उघडून फोटो बघायचंही सोडलं. शेवटी काकूंनी तात्यांना पाटावर बसवलं आणि मामांना पत्र लिहायला लावलं. "लिवा, मुलगा गुनी, निर्व्यसनी, लाखात एक." तात्यांनी लिहिलं, 'मुलगा गुणी, निर्व्यसनी (आईच्या मते), लाखात एक (लाख मोजलेले नाहीत).' काकूंनी कागद फाडला, पेनही काढून घेतलं.

तेराव्या दिवशी दुपारी गिरणीपुढे जीप थांबली. पिवळा फेटा उतरला, मागून आणखी चौघं. मामा सरळ गिरणीत शिरले आणि पिठाने माखलेल्या तात्यांच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ!

"गड्या, तुज्यामुळं सोयरीक जमली बघ!"

जीप बघून धावत आलेल्या काकू दारातच थिजल्या.

"वैनी," मामा त्यांना म्हणाले, "गावात चार जागी विचारलं. समदे शब्दाला शब्द तेच बोलले. सोन्यासारखं, देवासारखं. न्हावी 'देवासारखं' इसरला, तर शेजारच्या बाईनं खिडकीतून आठवन करून दिली! मला वाटलं, कायतरी मोठं झाकत्यात. पन तुमचा हा गिरनीतला गडी! यानं हुडकून हुडकून वंगाळ सांगितलं, अन् निघालं काय? एक पुडी, तीबी दोस्ताची. हा घरचा मानूस असता तर इस्वास ठेवला नसता. पन परक्याची साक्ष हाय."

तात्यांनी 'मी...' म्हणायला तोंड उघडलं. मामांच्या पाठीमागून काकूंनी असे डोळे वटारले की ते तोंड आपोआप मिटलं. खरं सांगितलं की साक्ष घरची होणार, आणि साक्ष घरची झाली की सोयरीक गेली! तुषार दारात उभा राहून हात जोडत होता, देवाला की बापाला ते कळत नव्हतं.

"वरबाप कुठायत?" चौघांतल्या एकाने विचारलं.

"गावाला गेल्यात," काकू म्हणाल्या. "पन त्यांच्यावाचून काय अडत न्हाई."

"ते ठाव हाय," मामा म्हणाले. "पोरगी सुखात ऱ्हाईल. घरात एकच मत असलं की सुनंला बरं पडतं. फोडा सुपारी!"

ओसरीवर सतरंजी पडली, शेजारपाजार जमला, सुपारी फुटली. वरबापाच्या जागेवर मामांची छत्री ठेवली होती.

"लग्नात कसं व्हायचं?" तात्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून कुजबुजत विचारलं.

"धुऊन पुसून हुबं करीन. कोन वळखतंय?" काकूंनी त्यांच्या हातात चहाचा ट्रे दिला. "आता गडी हायच, तर एवढं नेऊन द्या."

तात्यांनी नवी टोपी सावरत सगळ्यांना चहा फिरवला. मामांनी कप रिकामा करून त्यांच्याच ट्रेमध्ये ठेवला आणि आपुलकीने जवळ ओढून हळूच विचारलं, "तू एवढा शहाना मानूस. असल्या मालकाच्या घरात टिकलास कसा रं?"

तात्यांनी आत एकदा बघून घेतलं. काकूंचं लक्ष होतं.

"सत्तावीस वर्षं झाली पाव्हनं," ते म्हणाले, "आता दुसरीकडं कोन ठेवून घेनार?"