पयले बयान, मंग पाना

बंद पडलेल्या मोटारसायकलला कीक मारलेली ओंकारआबांना खपत नाही. गाडी कोणाचीही असो, मालकानं पुन्हा पाय उचलला की रस्त्याकडेच्या ओट्यावरून आवाज येतो, "काऊन मारून राह्यला बे तिले? लाथा खाऊन कोणी बोलते काय?" माणूस बिचारा पाय खाली घेतो, गाडी ढकलत ओट्यापाशी आणतो आणि स्टँडवर लावतो. आबा टोपी सारखी करतात, शेजारची जागा हातानं झाडतात आणि म्हणतात, "बस. आता सांग, कशी मेली?"

याला आबा बयान म्हणतात. 'पयले बयान, मंग पाना' हा त्यांचा कायदा, आणि सोनाळ्यात तो सगळ्यांना लागू आहे. सरपंचाची गाडी असली तरी बयान झाल्याशिवाय पाना पेटीतून बाहेर येत नाही.

माझं शिवणकामाचं दुकान आबांच्या ओट्याच्या बरोबर समोर. पाय मशीनवर आणि कान ओट्यावर, असे माझे दिवस जातात. त्यामुळे गावातल्या किती गाड्या कशा मेल्या हे मला आबांच्या खालोखाल माहीत आहे. झटक्यानं मेली तर दोष करंटचा, आचके देत मेली तर पेट्रोलचा, एवढं तर आता मीही सांगते. पण आबांचं तेवढ्यावर भागत नाही.

"राती कोठं उभी होती?"

"आंगणात."

"कोण्या आंगावर कलंडेल होती?"

"आबा, थे काही पाह्यलं नाई."

"पायत जाय ना बे. बरं, मांगं कोण बसेल होतं?"

"बायको."

"कोठं गेलते दोघं?"

"लग्नात. टुनकीले."

"कोणाच्या? जेवाले काय होतं?"

आता, लग्नातली वांग्याची भाजी आणि न चालणारी गाडी यांचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मीही आधी विचारायचे. पण अशा बयानाच्या शेवटी आबा उठत, गाडीला एक चक्कर मारत आणि एका ठिकाणी बोट ठेवत. बोट ठेवलं तिथंच दुखणं निघे. हे एवढ्या वेळा पाहिलं की माझी बोलती बंद झाली. भाजीचाही काहीतरी संबंध असणारच, आपल्याला तो कळत नाही एवढंच, असं मी मनाशी धरून चालले. जास्त जेवल्यामुळे मागे बसलेल्या बाईचं वजन वाढत असेल, अशी एक उपपत्तीही मी काढली होती. ती मी आमच्या घरच्यांना, म्हणजे नवऱ्याला, सांगितली, तेव्हा ते दोन घास कमी जेवले.

आबा मेकॅनिक नाहीत. त्यांची डिझेल इंजिनवरची पिठाची गिरणी होती, ती बंद होऊन बरीच वर्षं झाली. कान त्या इंजिनानं तयार केले. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला मोटारसायकल चालवता येत नाही. मागेही बसत नाहीत. कोणी म्हटलं, "आबा, चला सोडतो," तर हात जोडतात. "मले तिच्या पोटातलं समजते बापा. तिच्या पाठीवर भेव वाटते."

दसऱ्याला त्यांचा दरबार पाहावा. त्या दिवशी गावातला प्रत्येक गडी फवारणीचा पंप घेऊन गाडी धुतो. पिकाला दिलं नसेल एवढं पाणी गाडीला देतो. मग हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. नारळाचं पाणीही गाडीवरच. आणि मग सीमोल्लंघनाला निघायचं म्हणून चावी फिरवावी, तर गाडी ढिम्म. दुपारपर्यंत ओट्यासमोर हार घातलेल्या गाड्यांची रांग लागते. सगळ्यांचं दुखणं एकच, प्लगच्या टोपीत पाणी. गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण आबा प्रत्येकाला बसवतात. प्रत्येकाचं बयान वेगळं होतं. सोनं वाटायला निघालेली माणसं आपट्याची पानं हातात धरून तिथंच एकमेकांना वाटून मोकळी होतात. रांगेतला एखादा चुळबुळ करतो, तेव्हा आबा म्हणतात, "गडबड करू नको. प्रत्येकीचं पाणी अलग राह्यते."

मी खरंच मानत होते, प्रत्येकीचं पाणी वेगळं असतं म्हणून.

यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत ते सगळं बदललं. भर दुपारी डोंगराच्या अंगानं एक गाडी आचके देत आली आणि माझ्या दुकानापुढे मेली. गाडीवर सिद्धार्थ, मागे त्याचा भाऊ आणि दोघांच्या मध्ये सिद्धार्थची बायको वंदना. कापूस वेचताना तिच्या पायाला साप चावला होता. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन झाला होता, पण तिची वाट पाहायचा धीर कोणाला? निघाले होते तसेच दवाखान्यात. वंदनाची मान भावाच्या खांद्यावर पडलेली, पापण्या मिटायला लागलेल्या. दुसरी गाडी बघायला मी हाका मारायला लागले, पण सगळं गाव वावरात.

सिद्धार्थनं कीक मारली. पुन्हा पाय उचलला, आणि त्याची नजर ओट्याकडे गेली. आता सवय म्हणा की आणखी काही, पण तो माणूस पाय खाली घेऊन कोरड्या तोंडानं बोलायला लागला, "आबा, सकाऊन वावरात गेलतो, गाडी निंबाखाली उभी होती, मांगं वंदना बसेल होती..."

बायको हातातून चाललेली आणि हा बयान देतोय! 

"चूप बे!"

आबा धावत आले. त्यांना धावताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. गाडीला चक्कर नाही, काही नाही. त्यांनी सरळ चावी काढून टाकीचं झाकण उघडलं, तर आतून हुस्स करून आवाज आला. झाकणाला हवेचं बारीक भोक असतं, ते मातीचं घर करणाऱ्या माशीनं लिंपून टाकलं होतं. वरून हवा नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. आबांनी चावी परत गाडीला लावली, झाकण सिद्धार्थच्या खिशात कोंबलं, माझ्या हातातली चिंधी ओढून टाकीच्या तोंडावर लावली, जरा थांबले आणि म्हणाले, "मार आता."

त्यांनी कोणाला कीक मारायला सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. गाडी एका कीकमध्ये पेटली.

"जाय! बंद नको करू!"

संध्याकाळी फोन आला. इंजेक्शन वेळेत मिळालं, वंदना वाचली. तोवर आबा ओट्यावर एकटेच बसून होते. फोनचं ऐकल्यावर त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं. त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडले.

गावभर आबांचं नाव झालं. पण गाव म्हणजे गाव. चहाच्या टपरीवर हिशेब निघाला की, म्हाताऱ्याला गाडी रस्त्यानं येतानाच समजलं होतं. न विचारता, न तपासता. म्हणजे बाकीच्या गाड्यांचंही समजतच असणार. मग इतकी वर्षं आमचा वेळ काऊन खाल्ला?

झालं. दुसऱ्या दिवसापासून लोक गाडीवरून न उतरताच बोलायला लागले. "आबा, बयान गियान नको. सिद्ध्याले केलं तसं करून द्या." आबा उठायचे, बोट ठेवायचे, पाना फिरवायचे. गाडी सुरू, माणूस पसार. लोक खूश होते. माझ्या मशीनचा आवाज मला भलताच मोठा ऐकू यायला लागला, कारण समोर कोणी बोलतच नव्हतं. आबा आपल्या शेजारची जागा हातानं झाडायचे आणि झाडून तशीच राहायची.

एकदा चहा घेऊन मी ओट्यावर गेले. "आबा, तुमाले सगळं पयलेच समजते?"

"हाव."

"मंग भाजी कायले इचारता?"

आबांनी कपातली साय बोटानं बाजूला केली. मग म्हणाले, "माई गिरणी होती ना, तवा दळण होईलोग माणूस हालत नव्हतं. बाया बसत, म्हातारे बसत. कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाची पोरगी कोठं देली, सारं मले ठाऊक. मंग घरोघरी चक्क्या आल्या. म्हातारी गेली, पोरी आपापल्या घरी." चहाचा घोट घेऊन ते हसले. "आता गाडीच तेवढी बंद पडते बापा."

मी रिकामे कप घेऊन दुकानात आले आणि मशीनवर बसून रडले. एक ब्लाऊज शिवायला घेतलं होतं, त्याची बाही उलटी जोडली.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरच्यांची गाडी मी घेतली आणि तिचा पेट्रोलचा कॉक बंद केला. वाटलं, ओट्यासमोर आपसूक बंद पडेल. कसली पडते! उरलेल्या पेट्रोलवर ती चालतच राहिली. ओटा गेला, शाळा गेली, मी मारुतीच्या देवळाला वळसा घालून आले तरी बाई आपली भुर्रभुर्र. शेवटी गावाबाहेर जाऊन मेली, आणि मला ती भर उन्हात ढकलत आणावी लागली. आबांसमोर स्टँडवर लावली तेव्हा मी घामानं निथळत होते, त्यामुळे सोंग निदान दिसायला तरी खरं होतं.

"आबा, चालू होऊन नाई राह्यली."

आबांनी गाडीकडे पाहिलं. बंद कॉकवर त्यांची नजर गेली, मी बघितली ना! त्यांचा हात तिकडे निघाला आणि मध्येच थांबून टोपीवर गेला. मग त्यांनी शेजारची जागा झाडली.

"बस. कशी मेली?"

मी बसले. अकोटच्या मावशीपासून सुरुवात केली. मावसबहिणीचं सासर, तिच्या दिराचं ठरत आलेलं लग्न, मावशीनं टाकलेले पापड, सगळं सांगितलं. आबा एकेक खोदून विचारत होते. रस्त्यानं जाणारा सिद्धार्थ थांबला, वंदना आता उठून कामाला लागली म्हणाला, आणि तोही येऊन टेकला. गिऱ्हाइकं माझ्या दुकानात डोकावून गेली, ती मी जाऊ दिली. उन्हं ओट्यावरून उतरून रस्त्यावर आली तेव्हा कुठे आबा उठले. त्यांनी गाडीला सावकाश चक्कर मारली, टाकीला कान लावला, प्लगपाशी वाकले आणि मान हलवली.

"नाई समजून राह्यलं मले," ते म्हणाले. "उद्या पुन्ना आणजो."

पाना पेटीतच होता. मी कॉकला हात लावला नाही. आबा ओट्यावरून बघत होते, म्हणून ती धडधाकट गाडी मी ढकलत घरी घेऊन गेले.