सासूबाईंसाठी जुना केलेला नवा कॉम्प्युटर

जुना कॉम्प्युटर नवा करून देणारे बीडमध्ये गल्लोगल्ली सापडतील. नवा कॉम्प्युटर जुना करून देणारा मात्र मी एकटाच! आता ही फुशारकी वाटेल. आहेच ती फुशारकी, पण खोटी नाही.

माझं नाव त्रिंबक. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो. कोर्टाबाहेर टायपिंग करून देणारी बरीच मंडळी माझी गिऱ्हाइकं. त्यांचं जुनं मशीन बंद पडलं की नाइलाजाने नवं घ्यावं लागतं, आणि नवं चालू केलं की ही जाणती माणसं परक्या घरात शिरल्यासारखी बावरून बघतात. डाव्या कोपऱ्यातलं हिरवं बटण गायब, निळी पट्टी गायब, सगळं गुळगुळीत आणि मधोमध. मग मला निरोप येतो. मी बटण पुन्हा कोपऱ्यात नेऊन हिरवं करतो, पट्टी निळी करतो, मागे ती हिरवी टेकडी आणि तिच्यावरचं आभाळ लावून देतो. आत सगळं नवं, वरून सगळं जुनं. माणूस खुर्चीत सैलावतो आणि म्हणतो, हां, आता आपलं वाटतंय.

त्यामुळे धारूरला सासूबाईंचा कॉम्प्युटर जळाला असं कळलं, तेव्हा मी माझ्या बायकोला, विजयमालाला, छातीठोकपणे सांगितलं, "दिवाळीच्या आत जसाच्या तसा करून देतो. तुझ्या आईला फरक कळणारसुद्धा नाही."

इथे थोडं सासऱ्यांविषयी सांगायला हवं. बद्रीनाथ मास्तर गेल्या वर्षी गेले. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोठ्या हौसेने तो कॉम्प्युटर घेतला होता. गावातल्या लग्नपत्रिका जुळवायच्या म्हणून घेतला आणि त्यावर अखेरपर्यंत पत्ते खेळले. सासूबाईंनाही, म्हणजे छबुबाईंना, त्यांनीच पत्ते शिकवले. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, पण कुठल्या कोपऱ्यात काय आहे ते हाताला पाठ. दुपारी जेवणं झाली की दोघं आळीपाळीने डाव मांडायची आणि एकमेकांच्या चुका काढायची. मास्तरांनी आणखी एक गंमत करून ठेवली होती. चालू होताना कॉम्प्युटर जो सूर काढतो, त्याच्या जागी त्यांनी स्वतःचा आवाज भरून घेतला होता. बटण दाबलं की जरा वेळाने मास्तर बोलायचे.

मास्तर गेल्यावरही सासूबाई रोज दुपारी तिथे बसत. मग एक दिवस लाइटीचा दाब वाढला, कॉम्प्युटरच्या डब्यातून धूर निघाला आणि पडदा काळा झाला. शेजारच्या भामाबाईंनी विजयमालाला फोनवर सांगितलं, तुझी आई दुपारची त्या काळ्या पडद्यापुढं नुसती बसती, हाक मारली तरी ओ देत न्हाई. विजयमाला फोन ठेवून तशीच उभी राहिली. "वडील गेले तेव्हा ती एवढी गप्प नव्हती हो," ती म्हणाली. "काहीही करा, पण तिची दुपार तिला परत द्या."

मी धारूरला जाऊन डबा उचलून आणला. "दुरुस्त करून आणतो, आई," असं सासूबाईंना सांगितलं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या.

उघडून बघतो तर दुरुस्तीसारखं काही उरलंच नव्हतं. हार्ड डिस्क लावून पाहिली, ती टिकटिक करून गप्प झाली. क्लासमधला एक सोबती म्हणाला, पुण्याला पाठव, तिथे मेलेल्या डिस्कमधूनही काहीबाही काढतात. मी हसलो. म्हटलं, पत्ते तर आहेत आत, आणि पत्ते काय कुठेही मिळतात! आतलं सगळं भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकलं, पिवळा पडलेला डबा तेवढा ठेवला आणि त्यात नवं सामान बसवलं. डब्यावरचा लिंबागणेशच्या गणपतीचा स्टिकर हललासुद्धा नाही.

मग सुरू झाली माझी कारागिरी. हिरवं बटण, निळी पट्टी, टेकडी, आभाळ. पत्त्यांच्या पाठीवर तेच नारळाचं झाड. पण नवं मशीन डोळ्याचं पातं लवतंय तोवर चालू व्हायचं! जुनं चालू होईपर्यंत सासूबाई चहा टाकून, गाळून, कपात घेऊन यायच्या. म्हणून मी ते मुद्दाम रेंगाळेल असं करून घेतलं. शिवाय ते बिलकुल आवाज करत नव्हतं. जुन्याचा पंखा गिरणीसारखा घरघरायचा. मी एका मोडक्या डब्यातला खडखडणारा पंखा काढून आत बसवला. जगात सगळे वेगाच्या मागे लागलेले असताना मी चांगल्या मशीनला दमा लावत बसलो होतो.

सगळं झालं. विजयमालाला बोलावून बटण दाबलं. पंखा घरघरला, टेकडी आली आणि एक साधी टिंग वाजली.

"आणि वडील?" विजयमालाने विचारलं.

मी टाळूवर हात फिरवला. मास्तरांचा आवाज त्या डिस्कमध्ये होता!

भंगारवाल्याकडे धावलो. तो म्हणाला, साहेब, ती खेप जालन्याच्या भट्टीत गेली, आता तिची सळई झाली असंल. मास्तरांचा आवाज दुसरीकडे कुठे भरलेला आहे का म्हणून सगळ्यांचे फोन धुंडाळले. फोटो शेकडो सापडले, आवाज एकही नाही. मास्तर फोनवर बोलायचे, पण बोलणं कुणी भरून ठेवतं का?

निदान तेच शब्द कुणाकडून तरी म्हणवून घ्यावेत, असं माझ्या सुपीक डोक्यात आलं. पण शब्द कोणते? मला आठवत होतं, "या, बसा." विजयमाला म्हणाली, छे, "आलीस का? बस," असं होतं. पुण्याला असलेल्या मेहुण्याला, सुरजला, फोन लावला. तेव्हा आवाज भरून देणारा तोच. तो ठासून म्हणाला, "चला, डाव मांडा." भामाबाईंनी भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकलेलं. त्यांच्या मते पत्ते पिसल्याचं काहीतरी होतं. वर्ष उलटलं नाही तोवर घरच्या माणसांना मास्तर काय म्हणायचे ते आठवेना. सुरज म्हणाला, भावजी, मीच भरलं होतं आणि मलाच नक्की सांगता येत नाही.

सासूबाईंना विचारलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण मग सगळं उघडं पडलं असतं. शेवटी जमतील तेवढी वाक्यं मी एकमेकांना जोडली.

आता आवाज. धारूरच्या स्टँडजवळ पाशाभाईंचं मोटार दुरुस्तीचं दुकान आहे. ते मास्तरांचे जिवलग. मास्तरांची नक्कल करावी तर पाशाभाईंनीच! चहाच्या टपरीवर पाठीमागून त्यांनी मास्तरांच्या आवाजात दम दिला की मास्तरांचे जुने विद्यार्थी उठून उभे राहायचे. मी त्यांना सगळं सांगितलं. ते हातातला पाना पुसत बसले.

"पाव्हणं, ते जिते होते तवर नक्कल करायला लई मजा यायची," ते म्हणाले. "आता कसं काढू?"

मी आग्रह केला. पहिल्यांदा भरताना शेजारी कुणीतरी पत्रा ठोकत होतं. दुसऱ्यांदा पाशाभाई वाक्याच्या मध्येच "या अल्ला" म्हणून थांबले. त्यानंतर त्यांना हसू आलं, आणि हसता हसता ते रडायला लागले. मग त्यांनी तोंड धुतलं, डोळे मिटले आणि एका दमात म्हटलं, "या, बसा. पत्ते पिसलेत. चला, डाव मांडा." माझ्या अंगावर काटा आला. हुबेहूब मास्तर!

दिवाळीच्या तोंडावर आम्ही डबा घेऊन धारूरला गेलो. ही गोष्ट गुपचूप करायची असं ठरलं होतं, पण भामाबाईंच्या कानावर गेलेली गोष्ट गुपचूप राहत नाही. मास्तर बोलणार आहेत, असं त्यांनी गल्लीभर केलं. आम्ही पोचलो तेव्हा ओटा माणसांनी भरलेला. मास्तरांच्या हाताखाली शिकलेले आश्रुबा हार घेऊन आले होते. कुणी नारळ आणला होता. मी कॉम्प्युटर मांडतोय तोवर आश्रुबांनी त्याला हार घातला, भामाबाईंनी हळदकुंकू लावलं. हळद पंख्यात गेली आणि पंखा ठसकायला लागला. मला तर आनंदच झाला, आवाज आणखी जुना झाला! स्पीकरची वायर कुठे दिसेना. शोधली तर फडताळात रुमालात गुंडाळून ठेवलेली सापडली. झाडलोट करताना ठेवली असेल म्हणून मी ती जोडून टाकली.

सासूबाई येऊन खुर्चीवर बसल्या. त्यांनी बटण दाबलं. पडदा उजळला आणि खोलीतली कुजबुज थांबली.

"या, बसा. पत्ते पिसलेत. चला, डाव मांडा."

आश्रुबांनी हात जोडले. भामाबाईंनी पदर डोळ्याला लावला. दारातली दोन माणसं तर खरोखरच खाली बसली, मास्तरांनी बसा म्हटलं होतं ना! मी सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं.

"पाशाभाई भाईर कावून उभे हायेत?" त्या म्हणाल्या. "त्यास्नी आत बोलवा."

पाशाभाई खरंच बाहेर उभे होते, खांबाआड. ते आत आले आणि मान खाली घालून राहिले. एवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात, मी हजारदा बंद केलेली नव्या मशीनची हवामानाची खिडकी उघडली आणि धारूरला आज ऊन किती आहे ते सांगू लागली. गल्लीतली माणसं हळूहळू चपला शोधायला लागली.

सगळे गेल्यावर सासूबाईंनी चहा केला. पाशाभाईंना पहिला कप दिला. मग मला पाटावर बसवून टॉवेल-टोपी दिली. जावयाने घरासाठी एवढं केलं, त्याला रिकाम्या डोक्याने कसं पाठवायचं? मी टोपी घालून बसलो. त्या माझ्याकडे न बघता पाशाभाईंशी बोलू लागल्या.

"एवढं लांबलचक न्हवतं वो ते. सुरज भरून घेत होता. हे खाकरले आन् त्याला म्हणले, चालू झालं का? तेवढंच भरलं गेलं. पुढं बोलायचं राहूनच गेलं."

पाशाभाई हसले. मीही हसलो. चालू झालं का! रोज दुपारी मास्तर एवढंच विचारायचे, आणि आम्ही त्याचं भाषण करून ठेवलं होतं.

"ते गेल्यावर एकदाच ऐकलं म्या," सासूबाई पुढे म्हणाल्या. "त्या दिवशी घास उतरला न्हाई. मग वायर काढून ठिवली. पत्ते खेळायचे, पण वायर लावायची न्हाई. म्हणलं, आत हायेत, कुठं जात न्हाईत. जीव घट्ट झाला की ऐकू एक दिवस."

विजयमाला उठून स्वयंपाकघरात गेली. सासूबाईंनी आता माझ्याकडे पाहिलं. "पाव्हणं, पाशाभाईंच्या आवाजाखाली त्यांचा हाय ना अजून आत?"

माझ्या डोळ्यांपुढे जालन्याची भट्टी आली. मी मान हलवली. हो अशी.

"मग बरं हाय," त्या म्हणाल्या. त्यांनी वायर काढली, रुमालात गुंडाळली आणि आमच्यासमोर एक डाव मांडला. लाल दश्श्या काळ्या गुलामावर ठेवताना त्यांचा हात जरा थांबला, मग पुढे गेला.

एसटीने घाट उतरताना विजयमाला खिडकीकडे तोंड करून रडत होती. मी म्हणालो, निदान आईंना दिलासा तरी मिळाला. तिने पदराने डोळे पुसले.

"तिला कळलंय," ती म्हणाली. "निघताना मला म्हणाली, आत काई न्हाई, मला म्हाईत हाय. पण पाव्हण्यांनी हाय म्हणून मान हलवली. तू घरी जाऊन त्यास्नी बोलू नको, लई राबलेत ते."

आम्ही अधूनमधून धारूरला जातो. मला बघितलं की सासूबाई मुद्दाम कॉम्प्युटर चालू करतात आणि भिंतीपलीकडे भामाबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "आमच्या पाव्हण्यांनी करून दिलाय, अगदी पयल्यासारखा." मी टोपी सारखी करतो आणि मान हलवतो. आमच्याकडे जावयाला कुणी रागावत नाही. त्या एकदा तरी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.